आधी शाळा, मग चित्रशाळा

जपानच्या होन्शू आणि शिकोकू या दोन मोठ्या बेटांच्या मध्ये एक शांत, उथळ समुद्र पसरला आहे. त्याला सेतो अंतर्समुद्र म्हणतात. लाटांपेक्षा बेटेच अधिक असावीत, असे त्याचे रूप आहे. त्यांतील नाओशिमा हे बेट अवघे आठ चौरस किलोमीटरचे. वस्ती सुमारे ३,००० माणसांची. होन्शूच्या किनाऱ्यावरील उनो बंदरातून फेरीबोटीने येथे पोचावयास वीस मिनिटे पुरतात. दक्षिणेकडील ताकामात्सुहून मात्र पन्नास मिनिटे लागतात. तरीही राज्यकारभाराच्या दृष्टीने बेट मोडते ते ताकामात्सु ज्याचे मुख्य शहर, त्या कागावा प्रांतात. जवळचा किनारा एका प्रांताचा आणि जमिनीचा उतारा दुसऱ्या प्रांताचा! बेळगावच्या सीमाभागात हयात काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे कोडे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त ओसाकास असतात. त्यांच्या आग्रहास्तव सौ. व मी या बेटावर दोन रात्री राहून आलो. मुक्काम होता 'बेनेसे हाउस' येथे. याला हॉटेल म्हणावे, तर ते चित्रे-शिल्पांचे संग्रहालय आहे. संग्रहालय म्हणावे, तर त्यात पाहुण्यांच्या निजण्याच्या खोल्या आहेत. १९९२ साली ते उघडले. त्याचे वास्तुकार तादाओ आंदो हे मूळचे ओसाकाचे. त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण कोणत्याही महाविद्यालयात घेतलेले नाही. तरुणपणी ते मुष्टियोद्धे होते. पुढे पुस्तके वाचून आणि देशोदेशीच्या इमारती डोळ्यांनी पाहून ते शिकले. १९९५ साली त्यांना वास्तुकलेतील प्रिट्झकर पारितोषिक मिळाले. शिक्षकी पेशातील माणसाने ही हकिकत वर्गात सांगावी की दडवावी, याचा मला अद्याप निर्णय करता आलेला नाही.

इमारत टेकडीच्या कुशीत, समुद्राकडे तोंड करून बसली आहे. भिंती निव्वळ काँक्रीटच्या. रंग नाही, गिलावा नाही. सेंट्रिंगच्या फळ्यांच्या सांध्यांच्या रेषा आणि त्या आवळणाऱ्या बोल्टांची वाटोळी भोके तशीच ठेवलेली. सौ.नी भिंतीवरून हात फिरवला आणि हलक्या आवाजात विचारले, "अहो, काम अर्धवट राहिलंय का?" परंतु तोच हात त्यांनी पुन्हा फिरवला, आणि मग म्हणाल्या, "नाही हो. रेशमासारखं गुळगुळीत आहे." गिलाव्याने दोष झाकता येतात, येथे झाकायचे काही नाही म्हणून गिलावा नाही, हे त्या स्पर्शाने आम्हांस कळले.

खोलीत दूरदर्शन संच नाही. खिडकीत समुद्र आहे आणि भिंतीवर चित्र आहे. तेवढ्यावर पाहुण्याने संध्याकाळ काढावी, अशी अपेक्षा. दिवसाचे प्रेक्षक परतल्यानंतर निवासी पाहुण्यांना संग्रहालयातून फिरण्याची मुभा असते. त्या निवांत वेळी जोनाथन बोरोफ्स्की यांचे 'बडबड करणारी तीन माणसे' हे शिल्प आम्ही पाहिले. तिघांचे जबडे हलत असतात आणि तोंडातून अखंड पुटपुट चालू असते. मला आमच्या आठवीच्या वर्गातील शेवटचा बाक आठवला. बाहेरच्या सज्जाच्या भिंतींवर हिरोशी सुगिमोतो यांनी काढलेली, निरनिराळ्या समुद्रांची छायाचित्रे टांगलेली आहेत. वर आकाश, खाली पाणी आणि मध्ये क्षितिजाची रेघ. छायाचित्रावरून नजर उचलली की समोर तसेच खरे क्षितिज. चित्र कोठे संपले आणि समुद्र कोठे सुरू झाला, हे दिवेलागणीच्या वेळी सांगणे कठीण होते.

दुसऱ्या दिवशी 'चिचू' संग्रहालय पाहिले. या शब्दाचा अर्थच 'भूमीच्या पोटात'. टेकडीची नैसर्गिक रेषा बिघडू नये म्हणून आंदोंनी २००४ साली ही वास्तू जवळजवळ संपूर्णपणे जमिनीखाली बांधली. तरीही तेथे अंधार नाही. आकाशाचा उजेड आतपर्यंत खेळवलेला आहे. क्लोद मोने यांची कमळतळ्याची पाच चित्रे ज्या दालनात आहेत, तेथे जोडे काढून, दिलेल्या सपाता घालून जावे लागते. दिव्याचा प्रकाश नाही. बाहेर ढग आला की चित्रातील पाणी काळवंडते, ऊन पडले की उजळते. आम्ही पाऊण तास तेथे होतो आणि तेवढ्या वेळात ते तळे तीनदा पालटले.

एवढे पाहून परतलो असतो तर एक सुंदर स्थळ पाहिल्याचे समाधान लाभले असते आणि लेख येथेच संपला असता. परंतु मास्तर कोठेही गेला तरी आधी शाळा शोधतो. ती मला बेटाच्या मध्यभागी सापडली, आणि या बेटाची खरी गोष्ट तेथून सुरू झाली.

नाओशिमाचा इतिहास सुखाचा नाही. १९१७ साली मित्सुबिशी कंपनीने बेटाच्या उत्तरेस तांबे शुद्ध करण्याचा कारखाना काढला. पोटाला काम मिळाले, परंतु धुराने टेकड्या उजाड झाल्या. १९५९ साली चिकात्सुगु मियाके हे नगरप्रमुख झाले आणि सलग छत्तीस वर्षे त्या पदावर राहिले. उत्तर भाग उद्योगाला, मधला भाग वस्तीला व शिक्षणाला, दक्षिण भाग निसर्गाला व संस्कृतीला, अशी त्यांनी बेटाची वाटणी केली. मग त्यांनी पहिले काम कोणते हाती घेतले? काझुहिरो इशिई या तरुण वास्तुकाराला बोलावून १९७० साली प्राथमिक शाळेची इमारत उभी केली. पुढे बालवाडी झाली, १९७९ साली माध्यमिक शाळा झाली, आणि नगरसभेची इमारत आली १९८३ साली. ज्या गावात कचेरीच्या आधी शाळेला चांगली इमारत मिळते, त्या गावाविषयी मला काही अधिक सांगावे लागत नाही.

पुढची कडीही शिक्षणाशीच जोडलेली आहे. ओकायामा शहरात विद्यार्थ्यांसाठी पुस्तके व टपालाने अभ्यासक्रम चालवणारी फुकुताके नावाची प्रकाशनसंस्था होती. आज ती 'बेनेसे' या नावाने ओळखली जाते. तिचे संस्थापक तेत्सुहिको फुकुताके यांच्या मनात जगभरच्या मुलांसाठी एखाद्या बेटावर शिबिराची जागा करावी, असे होते. १९८५ साली त्यांची व मियाके यांची भेट झाली. पुढच्याच वर्षी फुकुताके वारले. त्यांचे पुत्र सोइचिरो यांनी वडिलांचा शब्द पाळला. १९८९ साली दक्षिण किनाऱ्यावर मुलांचे शिबिरस्थळ सुरू झाले. त्यावर देखरेख होती आंदोंची. मुलांचे तंबू आधी आले. हॉटेल त्यानंतर तीन वर्षांनी.

आणखी एक गोष्ट. शेजारच्या तेशिमा बेटावर बाहेरच्या कारखान्यांचा विषारी कचरा वर्षानुवर्षे बेकायदा टाकला जात होता. १९९० साली पोलिसांनी तो थांबवला, परंतु साचलेला ढीग उचलण्यासाठी तेथील रहिवाशांना दहा वर्षे झगडावे लागले. २००० साली तडजोड झाली. हा कचरा आपल्या दारात कोण घेणार? नाओशिमाने घेतला. २००३ ते २०१७ या काळात नऊ लाख टनांहून अधिक कचरा व दूषित माती बोटींनी आणून या बेटाच्या उत्तर टोकाला निर्धोक करण्यात आली. दक्षिणेस मोनेची कमळे आणि उत्तरेस शेजाऱ्याचा उकिरडा, दोन्ही एकाच बेटाने सांभाळले. प्रवासी पुस्तिकांत पहिल्याचीच छायाचित्रे असतात. मला दुसऱ्याचेही मोल तितकेच वाटले.

परंतु सर्वांत अधिक वेळ मी ज्या घरापुढे थांबलो, ते होनमुरा या जुन्या वस्तीतले 'कादोया', म्हणजे कोपऱ्यावरचे घर. तरुण माणसे शहरांकडे गेली तशी होनमुरातील घरे एकामागून एक ओस पडू लागली. दोनशे वर्षांचे हे घरही त्यांपैकीच. ते पाडले नाही. डागडुजी करून १९९८ साली तातसुओ मियाजिमा या कलावंताच्या हाती दिले. आतल्या अंधाऱ्या खोलीत जमिनीच्या जागी पाणी भरले आहे आणि पाण्यात १२५ विजेचे अंक लुकलुकत आहेत. प्रत्येक अंक एकपासून नऊपर्यंत मोजतो, क्षणभर विझतो आणि पुन्हा एकपासून सुरुवात करतो. शून्याचा आकडा दिसत नाही. त्याच्या जागी अंधार येतो. आणि प्रत्येकाची गती वेगळी. ती कलावंताने ठरवलेली नाही. गावातील १२५ माणसांनी, पाच वर्षांच्या बालकापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत, एकेका अंकाची गती आपापल्या मनाने लावून दिली. कोणाचा अंक धावतो, कोणाचा रेंगाळतो.

"यांतला पंचाण्णव वर्षांच्या आजोबांचा कोणता?" सौ.नी विचारले. तेथे तसे काही लिहिलेले नव्हते. परंतु त्या गावातील माणसाला आपल्या घरचा अंक ठाऊक असणार, यात मला शंका वाटत नाही.

हे सर्व पाहून मी भारावलो, परंतु हिशेब विसरलो नाही. हॉटेलचे भाडे असे की आमच्यासारख्या पगारदाराने ते मुलाच्या मेहेरबानीनेच भोगावे. हंगामात लहानशा गल्ल्यांतून पाहुण्यांची रीघ लागते. आणि एवढे होऊनही बेटाची लोकसंख्या एके काळी होती त्याच्या निम्मीही राहिलेली नाही. कला आली म्हणून गेलेली सर्व मुले परतली, असे घडलेले नाही. घडले ते एवढेच की मागे राहिलेल्यांना आपले घर ओशाळवाणे वाटेनासे झाले. दारांवर घरांची परंपरागत नावे लागली, उंबऱ्यांवर रंगीत पडदे झुलू लागले, आणि वाट विचारणाऱ्या परक्याला म्हातारी माणसे थांबून उत्तर देऊ लागली. हे थोडे नव्हे.

वाचकहो, आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे. बेळगावच्या गल्लीत काय, बडोद्याच्या पोळात काय, ग्वाल्हेरच्या वाड्यात काय, कुलुपे लागलेली घरे आपल्या परिचयाची आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी. माझे स्वतःचे चिरंजीव ओसाकाला. मराठी शाळांचे पट घटत आहेत, आणि दर जूनमध्ये हजेरीपट उघडताना माझा हात क्षणभर अडखळतो. आपल्याकडे ना फुकुताके येणार, ना आंदो. परंतु कादोयाच्या पाण्यातील अंकांना मोठा पैसा लागला नव्हता. गावातील प्रत्येकाला विचारावे लागले, आणि प्रत्येकाने काही सांगितले.

म्हणून एक लहानसे काम योजिले आहे. या दिवाळीच्या सुटीत आमच्या शाळेतील सातवी-आठवीची मुले गल्लीतील जुन्या घरांची नोंदवही करणार आहेत. घराचे नाव, कोणी बांधले, माजघरात काय होते, विहीर कोठे होती, दार कधी बंद झाले, असे रकाने आखले आहेत. शेवटचा रकाना मुलांनी भरायचा नाही. तो त्या घराच्या शेजाऱ्याने, आपल्या हस्ताक्षरात, हवे ते लिहिण्यासाठी मोकळा ठेवला आहे. वही दोनशे पानांची घेतली आहे. कमी पडली तर दुसरी घेऊ.