साउथडेलचा नकाशा

अमेरिकेत मिनियापोलिस शहराजवळ एडिना नावाचे उपनगर आहे. माझी कन्या तेथे राहते. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे तीन महिने राहण्याचा योग आला. बाहेर उणे वीस अंश तापमान, पायवाटांवर बर्फ. "अण्णा, मॉलमध्ये फिरा. इथली सगळी वडीलधारी माणसे तेच करतात," असे म्हणून ती रोज सकाळी कामावर जाताना मला साउथडेलच्या दारात सोडीत असे. दुकाने उघडण्यापूर्वीच्या त्या शांत मार्गिकांतून माझ्यासारखीच दहावीस माणसे निमूटपणे फेऱ्या घालीत.

माझ्याबरोबर त्या फेऱ्यांत आणखी एक गोष्ट चालत असे. सांगलीला थोरल्या चिरंजीवांनी बाह्यवळण रस्त्यावर होऊ घातलेल्या एका मॉलमध्ये गाळा पसंत केला होता. त्यासाठी कापड पेठेतील दुकान, त्यावरच्या राहत्या घरासह, विकावयाचे होते. गिऱ्हाईक मिळालेले, कागद तयार; उणीव फक्त माझ्या सहीची. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पेठेत मोटार उभी करायला जागा नाही. नवे गिऱ्हाईक उन्हात चालत येत नाही. शिवाय २०१९ च्या महापुरात कृष्णामाईचे पाणी आमच्या गादीपर्यंत आले होते, ते कोण विसरेल?

फेऱ्या घालता घालता या वास्तूविषयी कुतूहल वाटू लागले. कन्येने ग्रंथालयातून पुस्तके आणून दिली आणि एक नवलच समजले. मी जेथे पाय मोकळे करीत होतो, तो अमेरिकेतील पहिला पूर्णपणे बंदिस्त, वातानुकूलित मॉल. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी तो उघडला. खर्च दोन कोटी डॉलर, दुकाने ७२, पाच हजारांहून अधिक मोटारींसाठी जागा.

तो उभारला डेटन या व्यापारी घराण्याने. त्यांची मोठी पेढी मिनियापोलिसच्या जुन्या बाजारात होती. गिऱ्हाईक मोटारीत बसून उपनगरात राहायला जाऊ लागले, तेव्हा पेढीने त्याच्या मागे जायचे ठरविले. आपला थेट स्पर्धक डोनाल्डसन्स यालाही त्यांनी त्याच छताखाली जागा दिली. तेथल्या लोकांना याचे फार आश्चर्य वाटले म्हणे. मला वाटले नाही. आमच्या पेठेत कापडाची दुकाने ओळीने आहेत, म्हणून तर खेड्यांतून माणसे लग्नाचा बस्ता बांधायला तेथे येतात. एकट्या दुकानाकडे कोण येणार?

वास्तुरचनाकार होता व्हिक्टर ग्रुएन. १९०३ साली व्हिएन्नात ज्यू कुटुंबात जन्मलेला हा माणूस, नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर १९३८ साली देश सोडून अमेरिकेत आला. सुरुवातीला दुकानांच्या दर्शनी भागांची रचना करून त्याने नाव मिळविले. मिनेसोटात निवांत खरेदीला योग्य असे दिवस वर्षाकाठी १२६ च, असा हिशेब मांडून त्याने बाजारावर छप्परच घातले. आत बारमाही वसंत: तापमान २४ अंश, मधोमध चौक, झाडे, पक्ष्यांचा उंच पिंजरा, कॉफीची टेबले. वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक चढत नाही हे व्यापाऱ्याचे जुने दुखणे. त्यावर त्याने असा उपाय केला की दोन्ही मजल्यांना थेट वाहनतळातूनच प्रवेश मिळावा. हे वाचून मी त्याला मनोमन नमस्कार केला.

पण त्याच पुस्तकातला मूळ नकाशा पाहून मी थबकलो. डेटन यांनी चारशे एकरांहून अधिक जागा घेतली होती, आणि मॉल हा तिच्या मध्याचा एक भाग होता. भोवती घरे, शाळा, दवाखाने, उद्यान, तळे. ग्रुएनला आपल्या व्हिएन्नासारखा, माणसे पायी येतील असा बाजार हवा होता. मॉल झाला. शेजारी पुढे एक रुग्णालयही आले. पण नकाशातले ते गाव तसे कधी वसले नाही. भोवताली राहिले वाहनतळ आणि हमरस्ते. हीच रचना देशभर नकलली गेली आणि ओस पडले ते जुने बाजार, जे पाहून ग्रुएनला ही कल्पना सुचली होती. १९६८ मध्ये तो व्हिएन्नाला परतला, तर काही वर्षांत त्या शहराच्या वेशीवरही तसलाच अवाढव्य मॉल उभा राहिला. १९७८ साली त्याने जाहीरपणे या अपत्याचे पितृत्व नाकारले आणि १९८० मध्ये त्याचे निधन झाले. आता साउथडेलच्या वाहनतळाच्या कडेला राहत्या सदनिका उभ्या आहेत, एका बंद पडलेल्या मोठ्या दुकानाच्या जागी व्यायामगृह आहे. त्याला हवे होते त्यातले थोडे साठ वर्षांनी, उशिरा का होईना, आले.

मला आमचे घर आठवले. महापुराच्या रात्री खालचे कापडाचे गठ्ठे आम्ही जिन्याने वर चढविले. सून, नातवंडे, शेजारचे भांडीवाले, सगळ्यांनी हातोहात. वर राहत होतो, म्हणून पाणी वाढल्याचे वेळीच कळले, आणि म्हणूनच निम्मा माल वाचला. वर राहत होतो, म्हणून अडकलोही. तीन दिवसांनी नावेने बाहेर पडलो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

त्याच रात्री चिरंजीवांचा फोन आला.

"अण्णा, गिऱ्हाईक थांबायला तयार नाही."

मी विचारले, "मॉलच्या मागे राहायला कोण आहे?"

"दुसऱ्या टप्प्यात चारशे सदनिका आहेत. शाळासुद्धा. नकाशात दाखवल्या आहेत."

"नकाशात. आणि करारात?"

तो क्षणभर थांबला. "करारात बघावे लागेल."

"बघ. आणि घर न विकता गाळा भाड्याने मिळतो का, तेही विचार. भाड्याची रक्कम मी माझ्या ठेवीतून देईन."

"त्यात महिन्याचा हिशेब बसेल का, अण्णा?"

"बसवून पाहू. कागद पाठव."

कागद आले. सत्तावीस पाने. कन्या झोपल्यावर मी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला बसलो. दुसऱ्या टप्प्याचा उल्लेख एकोणिसाव्या पानावर सापडला: विकसकाच्या इच्छेनुसार.