तमाम लोकांस कळविण्यात येते की

आमच्या घरी पेपर एकच येतो आणि तो तिघे जण तीन टोकांनी वाचतात. आमची कन्या मागून सुरुवात करते, कारण खेळाचे पान मागे असते. बेगम आधी निधनवार्ता बघतात, म्हणजे मय्यतीला कुठे जायचे ते कळते, आणि मग पाणी कुठल्या भागाला येणार ते बघतात. सोलापुरात वार दोनच, एक पाण्याचा आणि दुसरा बिनपाण्याचा. उजनी काठोकाठ भरल्याचा फोटो पहिल्या पानावर आला, तरी आमच्या नळाला त्याची वर्दी लागायला वेळ लागतो. पाण्याच्या दिवशी पेपरची घडी मोडायची नाही, आधी पाइप धरायचा, असा आमच्या घरचा कायदा आहे. या कायद्याविरुद्ध अपील नाही.

आम्ही वकील. तेव्हा आम्ही गुन्ह्यांचे पान वाचतो. तो आमचा धंदाच आहे, असे आम्ही घरी सांगतो. धंद्यावरून आठवले, १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. तीस वर्षे तोंडपाठ केलेली कलमे या वयात पुन्हा घोकायला लागलो. चारशे वीसचे तीनशे अठरा झाले. बेगमना ही बातमी दिली तर म्हणाल्या, "तो अब दूधवाले को क्या बोलना? तीनसौ अठरा?" कायदा बदलला तरी शिवी बदलत नाही, हे संसदेच्या लक्षात आलेले दिसत नाही.

पण धंद्याचे कारण अर्धेच खरे आहे. वाचकहो, तुम्ही घरचे आहात म्हणून सांगतो. आम्ही त्या पानावर बातमी वाचत नाही, नावे वाचतो. चोरी कुठे झाली, चाकू कुणाला लागला, हे नंतर. आधी बोट आरोपीच्या नावावर जाते. नाव आपल्यातले नसले तर तोंडातून आपोआप "अल्हम्दुलिल्लाह" निघते आणि पान उलटते. जो आत गेला तोही कुणाचा तरी मुलगा आहे, हे पान उलटल्यावर आठवते. हा रोग आमच्या एकट्याचा नाही. विजापूर वेशीत सकाळी चहाला बसलेल्यांकडे बघा. पेपर उलगडणाऱ्याचे बोट आधी कुठे थांबते ते बघा.

खेळाच्या पानावर नेमके उलटे. तिथे आपले नाव सापडावे असे वाटते. 'आपले' म्हणजे कोण, हे मात्र तिथे फार सैल असते. पॉली उम्रीगर पारशी, पण त्यांचे बालपण सोलापुरात गेले म्हणून आमचे वडील त्यांना आपल्या गल्लीतला पोरगा असल्यासारखे बोलत. १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ केल्या, कसोटीत भारतातर्फे पहिले द्विशतक, हे वडिलांनी आम्हांला कलमा शिकवला त्याच सुमारास शिकवले असावे. आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या किरण नवगिरेने महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक ठोकले. महिलांच्या टी-ट्वेंटीत इतके वेगवान शतक तोवर जगात कुणी केले नव्हते. कन्या पेपर घेऊन घरभर नाचली. ती धावा वाचते, चेंडू मोजते. नावावरून माणूस मोजायची सवय तिला अजून लागलेली नाही. ती लागू नये म्हणून काय करावे, ते आम्हांला सुचत नाही, कारण ती आमच्याच घरात वाढते आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा कागद घेतला तिच्याकडे येतो.

आमच्या गल्लीत एक खाला राहतात. नवरा लवकर गेला. विड्या वळून त्यांनी मुलगा वाढवला. मुलगा लेगस्पिन टाकायचा. गल्लीत टेनिस बॉलने, पण शाळेकडून खऱ्या चेंडूने. आठवीत की नववीत असताना शाळांच्या एका सामन्यात त्याने चार बळी घेतले आणि पेपरात, खेळाच्या पानावर अगदी खालच्या कोपऱ्यात, त्याचे नाव आले. बारीक टाइपात, कंसात धावा. खालांना मराठी वाचता येत नाही. त्यांनी ते कात्रण आमच्याकडून तीनदा वाचून घेतले आणि प्लास्टिकमध्ये घालून कपाटात, रेशनकार्डाच्या खाली ठेवले.

त्याचे नाव पेपरात दुसऱ्यांदा आले ते २०१६ साली. रात्री कुठेतरी दोन गटांत मारामारी झाली. सकाळी पेपरात बावीस नावे होती, वयासकट, पत्त्यासकट. त्या दिवशी आम्ही पाइप धरून होतो, एका हातात पेपर. यादी वाचली आणि बेगमना म्हणालो, "ये पोट्टे सुधरनेवाले नहीं." मग चौदावे नाव पुन्हा वाचले. पत्ता आमच्याच गल्लीचा होता. तेवढ्यात खाला दारात उभ्या.

हे वाक्य आम्ही नंतर पुष्कळदा आठवले आहे. पुराव्याचा कायदा शिकवून पोट भरणारा माणूस, ज्युनिअरना "गुन्हा सिद्ध होईपर्यंत" असे दहादा ऐकवणारा, आणि एका यादीवर बावीस पोरांना घरबसल्या शिक्षा देऊन मोकळा झाला. खालांनी ते वाक्य ऐकले की नाही, ते आम्ही कधी विचारले नाही.

पोराचे म्हणणे असे की तो दवाखान्यातून मामाला घेऊन येत होता आणि गर्दी बघायला थांबला. थांबला हा त्याचा गुन्हा. सतरा दिवसांनी जामीन झाला. आपल्या देशात तुरुंगातल्या दर चार माणसांपैकी तीन कच्चे कैदी असतात, २०२२ चा सरकारी अहवालच तसे सांगतो. त्या मानाने सतरा दिवस म्हणजे नशीबच म्हणायचे. कलमे १४३, १४७, १४९, ३२४, म्हणजे बेकायदा जमाव, दंगा वगैरे. ज्यांना खटल्यांची माहिती आहे त्यांना पुढचे सांगायला नको. कधी साक्षीदार नाही, कधी आरोपी बावीस पूर्ण नाहीत, कधी न्यायाधीशांची बदली. मध्ये कोरोनाची दोन वर्षे गेली. नऊ वर्षे.

या नऊ वर्षांत काय काय झाले ते थोडक्यात सांगतो. मेहुण्याने कुवेतचा व्हिसा काढायची तयारी केली, पासपोर्ट अडला, कारण केस चालू. कोर्टाची परवानगी आणेपर्यंत ती जागा गेली. इथे एका कंपनीत नोकरी लागली, पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला मागितला, तीही गेली. लग्नाची बोलणी एकदा पार मिठाईपर्यंत आली होती. मुलीच्या चाचांनी मोबाईलवर त्या यादीचा फोटो दाखवला. नऊ वर्षांपूर्वीचा पेपर रद्दीत जातो असे आम्ही समजत होतो. तो आता जात नाही.

आम्ही रोज चार पुतळ्यांवरून कोर्टात जातो. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून चौघांवर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली. त्यांतले कुर्बान हुसेन स्वतः 'गझनफर' नावाचे पत्र चालवीत. म्हणजे बातमी लिहिणाराच आरोपी झाला आणि शेवटी पुतळा झाला. सरकारी कागदात ते खुनी. गावाने तो निकाल मान्य केला नाही. चारही नावे एका ओळीत, एका दमात घ्यायची सवय या गावाने लावून घेतली. आम्ही लहानपणी ती पाढ्यासारखी म्हणायचो आणि कुठले नाव कुणातले, हा प्रश्न पडत नसे. सांगायचे इतकेच की या गावाला नावे दुसऱ्या रीतीनेही वाचता येतात. १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरले, तेव्हा आम्ही कायद्याचे विद्यार्थी होतो आणि खुर्च्या मांडायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात आपल्या लोकांची नावे गुन्ह्याच्या पानावर नव्हती, कवितेच्या संगतीत होती. अब्बांनी तो पेपर दुकानात गिऱ्हाइकांना दाखवला. पुडी बांधायला मात्र दिला नाही.

असो. निकाल ऑगस्ट २०२५ मध्ये लागला. फिर्यादीला कुणालाही ओळखता आले नाही, पंच फुटले, तपासी अंमलदार निवृत्त होऊन गेलेले. बावीसही निर्दोष. पोरगा एकोणीसचा आत गेला होता, अठ्ठावीसचा बाहेर आला. बाहेर म्हणजे कोर्टाच्या व्हरांड्यात. खाला आल्या होत्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "वकीलसाब, अब पेपर में आएगा ना?"

आम्ही म्हणालो, "हौ, आएगा."

वकिलाने कोर्टाबाहेर असा शब्द देऊ नये. संध्याकाळी निकालाची नक्कल घेऊन आम्ही त्या पेपरच्या कचेरीत गेलो. कुठला पेपर ते लिहीत नाही, दुसऱ्या पेपरांनीही वेगळे काही केले असते असे वाटत नाही. पोरसवदा वार्ताहर होता, फार अदबीने बोलला, चहाही मागवला. म्हणाला, "सर, या आठवड्यात सगळी पाने सर्किट बेंचची आहेत." खरेच होते. १७ ऑगस्टला कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले होते, आणि सोलापूरसह सहा जिल्ह्यांच्या वकिलांची चाळीसेक वर्षांची मागणी पुरी झाली होती. आम्हीही बारमध्ये पेढे खाल्ले होते. उच्च न्यायालयातल्या कामासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर मुंबई गाठायची, ते आता सुटले. बातमी मोठीच होती. "आणि सर," तो म्हणाला, "नऊ वर्षांपूर्वीची केस. आता कोणाच्या लक्षात आहे?"

आम्ही त्याला सांगितले की निदान तीन जणांच्या लक्षात आहे, एक पासपोर्टवाला, एक कंपनीवाला आणि एक चाचा. तो हसला. वाईट माणूस नव्हता. "ट्राय करतो" म्हणाला. आठवडाभर आम्ही पेपर मागून, पुढून, मधून वाचला. आला नाही.

अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीचे नाव छापू नये असा कायदा आहे. अल्पवयीन मुलाचे छापू नये असाही आहे. निर्दोष सुटलेल्याचे छापलेच पाहिजे, असा कायदा आम्हांला तरी सापडलेला नाही. रोज सकाळी खाला दारावरून जाताना आत नजर टाकत. विचारत नसत. त्या नजरेचे काय करावे कळेना. शेवटी धंद्यातलेच हत्यार काढले. प्लॉटच्या व्यवहाराआधी आम्ही पेपरात जाहीर नोटीस देतो, तुम्ही वाचली असेल किंवा वाचायची टाळली असेल. तशीच एक लिहिली. "तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, आमचे अशील..." पुढे नाव, वय, पत्ता, यादीत होते तसेच. मग खटल्याचा क्रमांक, न्यायालय, तारीख, "सर्व आरोपांतून निर्दोष मुक्त". खाली आमची सही आणि बार असोसिएशनचा पत्ता. पैसे चौरस सेंटिमीटरवर मोजून घेतले. आम्ही दिले. खालांना सांगितले की पेपरवाल्यांनी छापले.

छापून आले ते हरवलेल्या सातबाराच्या आणि एका नावबदलाच्या नोटिशीच्या मध्ये. कन्येने खालांना वाचून दाखवले. "तमाम लोकांस" हे शब्द त्यांना फार आवडले. अर्थ विचारला. कन्या म्हणाली, "सब लोगां." खालांनी ते दोनदा पुटपुटले, मग कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "इत्ता कोने में कैको?" कन्येने आमच्याकडे बघितले. आम्ही म्हणालो की पहिल्या वेळीही कोपऱ्यातच आले होते ना, ते चार बळींचे. ते त्यांना पटले. कात्रण आता रेशनकार्डाच्या खाली आहे, दुसऱ्याच्या जोडीला. २०१६ ची यादी त्यांनी कधी ठेवलीच नव्हती.

या लेखात पोराचे नाव घालू का, असे त्याला विचारले. तो सध्या एका टेम्पोवर आहे, रविवारी गल्लीतल्या पोरांना लेगस्पिन शिकवतो. "नक्को, वकीलसाब," म्हणाला. "नाव टाकून शोधले की पहिले तेच वर येते. आणखी कशाला?" म्हणून घातले नाही.

नोटिशीला प्रतिसाद एकच आला. पंधरा दिवसांनी, पाण्याचा वार, आमच्या हातात पाइप, आणि फोन वाजला. कुणी जमिनीचा एजंट होता. "वकीलसाहेब, तुमची ती जाहीर नोटीस कापून ठेवली होती. प्लॉट कुठल्या पेठेतला म्हणायचा? टायटल क्लिअर आहे का?" आम्ही म्हणालो, प्लॉट नाही हो, पोराचा निकाल आहे. त्याला कळेना. मग आम्ही पाइप बेगमच्या हाती दिला, पेपरची घडी शोधली आणि ती नोटीस पहिल्यापासून त्याला फोनवर वाचून दाखवली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली. थोडा वेळ गप्प राहिला. "अरे वा. सुटला म्हणजे," तो म्हणाला. "चांगले झाले. नाव काय म्हणालात त्याचे?"

आम्ही नाव पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने. मागे टाकी भरून पाणी वाहू लागले होते आणि बेगम आम्हांला हाका मारत होत्या.