ग्रेट हॉर्टन रोडच्या चढावर

लीड्सहून सुटलेली गाडी वीसेक मिनिटांत ब्रॅडफर्डच्या फॉर्स्टर स्क्वेअर स्थानकात येते, आणि इथल्या कॉलेजची ओळख या स्थानकाच्या नावापासूनच सुरू होते. डब्ल्यू. ई. फॉर्स्टर हे लोकर कारखानदार आणि ब्रॅडफर्डचे खासदार. गावोगावी प्राथमिक शाळा उभ्या करणारा १८७० चा शिक्षण कायदा त्यांनीच ब्रिटिश संसदेत मांडला. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत अभ्यासक्रम, शुल्क, वसतिगृहे, बसचे मार्ग असे सगळे मिळते. पण ब्रॅडफर्ड कॉलेज मुळात कोणासाठी आणि कशातून उभे राहिले, हे कळायला स्थानकापासून ग्रेट हॉर्टन रोडपर्यंत पायीच जावे. परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींना आपल्याकडे ‘विद्यापीठ आहे ना, की नुसतेच कॉलेज?’ असे विचारले जाते. ब्रॅडफर्डपुरता तरी हा प्रश्न उलटा आहे, कारण इथे विद्यापीठच कॉलेजातून जन्माला आले.

ब्रॅडफर्ड खोलगट जागी वसले आहे, त्यामुळे मध्यवस्तीतून कुठेही निघा, चढ लागतोच. वाटेत १८६७ सालचे वूल एक्स्चेंज दिसते. लोकरीचे सौदे जिथे होत, त्या दालनात आता पुस्तकांचे दुकान आहे. पुढे १८७३ चा सिटी हॉल. ही श्रीमंती गिरण्यांची होती. १८५१ पर्यंत शहराची वस्ती १ लाखाच्या वर गेली होती, आणि त्या गर्दीच्या वाट्याला धूर, रोगराई आणि कोंदट घरे आली. याच शहरात १८३२ मध्ये मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट निघाली. कामकरी माणसाला ग्रंथालय आणि वर्ग मिळावेत, हा तिचा हेतू. कॉलेज आपली परंपरा तिच्यापासून मोजते. १८७० च्या दशकात फ्रेंच कापडापुढे ब्रॅडफर्डचा माल मागे पडू लागला, तेव्हा विणकाम, रंगाई आणि नक्षीकाम शास्त्रशुद्ध शिकवण्याची निकड भासली. त्यातून उभी राहिलेली तंत्रशाळेची भव्य इमारत १८८२ मध्ये खुद्द युवराजांच्या हस्ते उघडली गेली. आज तिला ‘ओल्ड बिल्डिंग’ म्हणतात.

यावर आक्षेप येतो, आणि तो खरा आहे: गिरणीमालकांना कुशल हात हवे होते, म्हणून त्यांनी शाळा काढली, यात ज्ञानाची चाड कुठली? पण संस्था काढणाऱ्याचा हेतू तिथे शिकणाऱ्याला बांधून ठेवत नाही. शहरही मालकांच्या हेतूत बांधलेले राहिले नाही: मॅनिंगहॅम मिल्सच्या कामगारांनी १८९०-९१ मध्ये मजुरीकपातीविरुद्ध महिनोन्‌महिने संप केला, आणि १८९३ मध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टीची स्थापना याच शहरात झाली. मार्गारेट मॅकमिलन १८९४ मध्ये ब्रॅडफर्डच्या स्कूल बोर्डावर निवडून आल्या आणि उपाशी, आजारी मुलाला शिकवता येत नाही, हे त्यांनी शहराला पटवले. त्यांच्या नावाचे अध्यापक महाविद्यालयही पुढे याच कॉलेजच्या परिवारात आले. आणि १९५३ ते १९५७ या काळात इथल्या कलाशाळेत डेव्हिड हॉकनी शिकत होते. गिरणीला नक्षीकार पुरवण्याच्या गरजेतून वाढलेल्या कलाशिक्षणाने जगाला एक मोठा चित्रकार दिला, यापेक्षा ठोस उत्तर मला सुचत नाही. कॉलेजच्या नव्या इमारतीला त्यांचेच नाव आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. अशा कॉलेजांत शिकवल्या जाणाऱ्या पदव्यांवर वर्षानुवर्षे दुसऱ्याच विद्यापीठाचा शिक्का असतो, आणि मूलभूत संशोधनाची प्रयोगशाळा इथे शोधू नये. ज्याला पीएच.डी.च्या वाटेने जायचे आहे, त्याने विद्यापीठच निवडावे, यात वाद नाही. पण रस्त्यापलीकडचे ब्रॅडफर्ड विद्यापीठ आले कुठून? १९५७ मध्ये तंत्रशिक्षणाचा वरचा भाग वेगळा काढून इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी झाली आणि १९६६ मध्ये तिला विद्यापीठाची सनद मिळाली. तेव्हाचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन या विद्यापीठाचे पहिले कुलपती. विद्यापीठ वेगळे झाल्यावर कॉलेजकडे उरले ते काम मला कमी मोलाचे वाटत नाही: सोळा वर्षांच्या मुलापासून नोकरी करत पदवी घेणाऱ्या प्रौढापर्यंत सगळ्यांना एका छताखाली शिकवणे. लोकर गिरण्यांतल्या रात्रपाळ्या करायला दक्षिण आशियातून आलेल्यांची नातवंडे आज या शहरात शिकतात, आणि त्यांतल्या अनेकांना घर न सोडता पदवी घ्यायची असते. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी चौकशी करायची ती संस्थेच्या नावाची नव्हे: पदवी कोणते विद्यापीठ देणार, वर्गात किती जण असतील, प्रत्यक्ष कामाचा अनुभव कुठे मिळेल आणि शिकवणाऱ्यांनी स्वतः ते काम केले आहे का.