तारण : एक नोबेल

पोहणं शिकवता येतं, पेटी शिकवता येते, मराठी टायपिंग तर एके काळी गल्लोगल्ली शिकवीत असत. पण लिहिणं शिकवता येतं असं नुसतं म्हणून पाहा, चार माणसं अंगावर येतात. आपल्याकडे लेखक घडत नाही, तो प्रकट होतो. लहानपणी कुठल्या तरी मास्तरांनी निबंधाची वही उंच धरून ‘हा मुलगा पुढे लेखक होणार’ असं वर्गाला सांगितलेलं असतं. (ज्यांच्याबद्दल सांगितलं आणि जे झाले नाहीत ते आत्मचरित्र लिहीत नाहीत, त्यामुळे त्यांचा आकडा उपलब्ध नाही.)

मी पडलो बी.कॉम. डबल एन्ट्री शिकवता येते यावर माझी श्रद्धा आहे. जमेला एक आकडा टाकला की नावे दुसरीकडे पडलाच पाहिजे. प्रतिभेचं तसं नसतं म्हणतात. ती कुठून येते हेच ठाऊक नसल्यामुळे ती कुठे नावे टाकायची, हाही प्रश्नच असतो.

पण अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या लोकांना असला प्रश्न पडला नाही. आयोवा म्हणजे मका आणि डुकरं. तिथल्या विद्यापीठात १९३६ साली लेखकांची कार्यशाळा सुरू झाली आणि लिहिण्याबद्दल रीतसर पदवी मिळू लागली. १९४१ पासून पुढची चोवीसएक वर्षं ती पॉल एंगल नावाच्या कवीने चालवली. हे गृहस्थ घोड्यांचा व्यवसाय करणाऱ्याचे चिरंजीव. कुठलं शिंगरू पुढे धावेल याची नजर घरातूनच आलेली असावी. एकदा जॉर्जियाकडची एक मुलगी त्यांच्या खोलीत आली आणि काहीतरी बोलली. तिचे दक्षिणी उच्चार एंगलना कळेनात. शेवटी त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, बाई, काय ते लिहून दे. तिने लिहून दिलं, की मला कार्यशाळेत यायचं आहे. ती फ्लॅनरी ओकॉनर. १९४७ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली आणि अमेरिकन कथेत जाऊन बसली ती कायमची. आमच्याकडे काउंटरवर एखाद्याचं बोलणं कळलं नाही, तर आम्हीही ‘लिहून द्या’च म्हणतो, पण त्यातून अजून तरी साहित्य निघालेलं नाही.

या कार्यशाळेची रीत मोठी कठीण आहे. आपली कथा आधी सगळ्यांना वाटायची. मग सगळ्यांनी बसून ती फाडायची. आणि हे चालू असताना लेखकाने तोंड मिटून बसायचं. शेवटचं कलम वाचल्यावर ही पद्धत महाराष्ट्रात का रुजली नाही, ते माझ्या ध्यानात आलं.

शिकवणारेही ऐरेगैरे नव्हते. कर्ट व्हॉनेगट १९६५ साली तिथे शिकवायला आले तेव्हा खिशाने तंगच होते. दोन वर्षं पोरांना शिकवता शिकवता युद्धाच्या आठवणींशी झटापट चालली होती. तिचं पुढे १९६९ मध्ये ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ झालं आणि मास्तर जगप्रसिद्ध झाले. उलट १९७३ साली जॉन चीव्हर आणि रेमंड कार्व्हर हे दोन थोर कथाकार तिथे एकत्र शिकवीत होते. त्या काळात दोघांच्या टाइपरायटरवरचं झाकणसुद्धा निघालं नाही, असं कार्व्हरनीच पुढे सांगून टाकलं. बाटलीचं झाकण निघत होतं. मॅरिलिन रॉबिन्सन या बाईंची पहिली कादंबरी १९८० ची, दुसरी २००४ ची. मधली बरीच वर्षं त्या आयोवात शिकवीत होत्या. चोवीस वर्षांत आमच्याकडे गृहकर्ज फिटतं. पण दुसऱ्या कादंबरीला, म्हणजे ‘गिलिअड’ला, २००५ चं पुलित्झर मिळालं. त्यांचाच विद्यार्थी पॉल हार्डिंग. त्याचं ‘टिंकर्स’चं हस्तलिखित कोणी घेईना, काही वर्षं ते खणात पडून होतं. अखेर एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या आश्रयाने चाललेल्या चिमुकल्या प्रकाशनसंस्थेने ते उचललं, आणि २०१० चं पुलित्झर त्यालाच. पुस्तक वाचवायला डॉक्टर लागले, म्हणायचं.

एंगल आणि ह्वालिंग निए यांनी १९६७ साली परदेशी लेखकांसाठी वेगळा उपक्रम काढला. त्यात १९७५ ते ७७ या काळात आपले दिलीप चित्रे होते. याच चित्र्यांनी पुढे तुकोबांना इंग्रजीत नेलं. आणि तुकोबांचं म्हणाल तर शिकवणी त्यांनाही होती! नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन स्वप्नात आले आणि शतकोटी अभंगांपैकी उरलेले तू पुरे कर म्हणाले, असं तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. जुन्या माणसाचं अपुरं राहिलेलं टार्गेट नव्या माणसाच्या गळ्यात: हा प्रकार बँकेतल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

आता एवढी उठाठेव मी का केली, ते सांगतो. गेल्या वर्षी मी शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर होतो. एक दिवस एका शाळेतले कारकून आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीला इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. मी सवयीने विचारलं, “एम.बी.ए. का?”

“नाही काका,” ती म्हणाली, “कादंबरी.”

वडील खालच्या आवाजात म्हणाले, “साहेब, मराठीतून एम.ए. हो म्हणालो असतो. पण ही तिकडे जाऊन लिहायला शिकणार म्हणते. शिकवतात का हो खरंच? माझ्याकडे दीड खोल्या आहेत, त्या ठेवायच्या आहेत.” आणि त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले जागेचे कागद काढले. मुलगी काचेच्या पलीकडे कॅशची रांग बघत राहिली.

दीड खोल्या तारण म्हटल्यावर विनोद सुचत नाही. मी रीतसर टिपण लिहायला घेतलं. संस्थेची स्थापना: हा अभ्यासक्रम माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या दोन कादंबरीकारांनी १९७० साली सुरू केला. पहिल्या वर्षीची विद्यार्थिसंख्या: एक. त्या एकाचं नाव इयन मॅकइवन. पुढे १९९८ चं बुकर त्याला मिळालं. म्हणजे पहिल्या तुकडीचा निकाल शंभर टक्के! आमच्या कुठल्याही शाखेला कुठल्याही योजनेत हे जमलेलं नाही.

माजी विद्यार्थी: काझुओ इशिगुरो. १९७९ च्या शरदात पाठीवर पिशवी, हातात गिटार आणि टाइपरायटर घेऊन हा पोरगा नॉर्विचजवळच्या एका खेड्यात खोली घेऊन राहिला. १९८० मध्ये पदवी, १९८२ मध्ये पहिली कादंबरी, १९८९ मध्ये बुकर, २०१७ मध्ये नोबेल. अ‍ॅन एनराइट यांना २००७ चं बुकर. आणि मास्तरांचं काय? ब्रॅडबरींची कादंबरी १९८३ साली बुकरच्या अंतिम यादीत होती. बुकर मिळालं कुत्सींना. ब्रॅडबरी ते पुढेही कधी मिळवू शकले नाहीत. विद्यार्थ्यांना ते मिळताना पाहत मात्र राहिले. २००० साली ते गेले. हे मी टिपणात लिहिलं नाही. कर्जदाराची परतफेड कशी, हे विचारायला आमच्या फॉर्मात रकाना आहे. मास्तराची परतफेड कशी, याला नाही.

टिपण वाचून मॅनेजरसाहेबांनी चष्मा काढला. “हे ठीक आहे हो. पण अभ्यासक्रम संपल्यावर वर्षाने हप्ते सुरू होतात. तुमच्या या इशिगुरोचा हप्ता ८१ मध्ये सुरू झाला असता आणि पुस्तक आलं ८२ मध्ये. मधले महिने एन.पी.ए. झाला असता की! नोबेलवाल्याला नोटीस पाठवली असती आपण.”

“साहेब, लिहायला बँकच चांगली म्हणायची,” आमचे हेडकॅशियर मध्येच म्हणाले. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. वुडहाउस १९०० ते १९०२ हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या लंडन कचेरीत होते. टी. एस. एलियट १९१७ पासून आठ वर्षं लॉइड्स बँकेत होते, आणि त्यांनाही १९४८ चं नोबेल आहेच. फी नाही, उलट पगार! पण त्या बँकांतून बाकीचे किती हजार कारकून फक्त पेन्शन घेऊन बाहेर पडले, ते हेडकॅशियरांनी सांगितलं नाही. नॉर्विचहूनही काही दर वर्षी इशिगुरो बाहेर पडत नाहीत. तिथे शिकून नंतर कुठे प्रूफं तपासणारे, कुठे शाळेत शिकवणारेही असणारच.

मी त्या मुलीला हेच सांगितलं. ती म्हणाली, “काका, कॉमर्सचे सगळे तरी कुठे टाटा झाले?” बी.कॉम. माणसाला काउंटरच्या अलीकडे बसून हे ऐकावं लागलं. मी तिचे कागद क्रमाने लावले, दीड खोल्यांचे सगळ्यात खाली ठेवले आणि शिफारशीखाली सही केली. मॅनेजरसाहेबांनीही बराच वेळ पंख्याकडे बघून केली.

फाइल प्रादेशिक कार्यालयात गेली. आठ दिवसांनी शेऱ्यासह परत आली. प्रवेशपत्र ठीक, उत्पन्नाचा दाखला ठीक, तारण ठीक. फक्त इशिगुरो यांच्या गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत जोडलेली नाही.