सांगोल्याचा रविवार आणि माझी जुनी गाडी

वाचकहो, तुम्ही कधी रविवारी भल्या सकाळी पंढरपूरहून सांगोल्याला गेला आहात काय? वाट म्हणाल तर तीसेक किलोमीटरची. कासेगावच्या द्राक्षबागा मागे पडतात, खर्डी येते, आणि पुढे जमीन हळूहळू माणदेशाचा रंग धरू लागते. रविवार हा सांगोल्याच्या जनावरांच्या बाजाराचा दिवस. त्यामुळे रस्त्याला टेम्पोत उभी असलेली खिलार जनावरे दिसतात. पांढरीशुभ्र, लांब शिंगांची, वाऱ्याला तोंड देऊन उभी.

२०२४ सालच्या मार्गशीर्षातल्या अशाच एका रविवारी मी माझी जुनी अल्टो घेऊन निघालो. शाळू पोटऱ्यात आला होता आणि थंडी मी म्हणत होती. शेजारी माझे मावसभाऊ तात्या बसले होते. तात्यांचा जन्म बैल घेण्या-विकण्यात गेला. मला गाडी विकायची होती. सांगोल्यापलीकडच्या एका डाळिंबवाल्या शेतकऱ्याने ती पाहायला बोलावले होते. तात्या म्हणाले, ‘‘आधी बाजारात चल. गिऱ्हाईक दुपारी.’’

गाडी होती ऑगस्ट २०१० च्या नोंदणीची, ब्याण्णव हजार किलोमीटर चाललेली. शहरातल्या एका व्यापाऱ्याने पंचाहत्तर हजार सांगितले होते. माझ्या मनात सव्वा लाख होते. दोघांमध्ये पन्नास हजारांचे अंतर, आणि खरी किंमत कोणती हे सांगणारा कोणी नाही. तुमच्याही दारात अशी जुनी गाडी उभी असेल, तर हा पेच तुम्हाला ठाऊक असेल.

बाजारात शिरताच तात्यांचे पाय सावकाश पडू लागले. त्यांनी एका खोंडाचा ओठ वर केला आणि म्हणाले, ‘‘चार दाती.’’ दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि मग जुळलेला, हा हिशेब तुम्हाला मी सांगायला नको. मालक काहीही वय सांगो, दात खोटे बोलत नाहीत. मी म्हटले, गाडीलाही दात असतात. नोंदणी-पुस्तकातला महिना हा पहिला दात. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. माझ्या गाडीच्या दोन टायरांवर २०१९ च होते. नक्षी शाबूत, पण रबराला बारीक चिरा गेलेल्या. तात्या हसले. ‘‘म्हणजे ते म्हातारे. त्यांचे पैसे तू धरू नकोस.’’

मग तिथेच, एका चहाच्या गाड्यावर, आम्ही किंमत मांडली. आसपासच्या गावांत त्याच सालाच्या, पेट्रोलवरच्या गाड्या खरोखर कितीला गेल्या याची मी चार ठिकाणी चौकशी केली होती. मालकाने मागितलेला आकडा आणि हातात पडलेला आकडा यांत नेहमी फरक असतो. दुसराच विचारायचा. तो एक लाख दहा ते सव्वा लाखाच्या दरम्यान निघाला. खालचा आकडा धरला. त्यातून दोन टायरांचे सहा हजार वजा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवावी लागते आणि एप्रिल २०२२ पासून मोटारीला त्याची फी पाच हजार रुपये झाली होती. वर पर्यावरण कर निराळा. माझ्या गाडीची मुदत आठ महिन्यांत संपणार होती. हा खर्च घेणाऱ्याच्या माथी येणार, तर तोही त्याने वजा करणारच. आपण आधी केलेला बरा. हिशेब एक लाखाच्या खाली उतरला, तेव्हा माझा चहा गार झाला होता.

पलीकडे दोन हेडे एका बैलाचा सौदा करत होते. उपरण्याखाली हात, बोटांची पकड, तोंडाने एक शब्द नाही. पण मला जे पाहायला मिळाले ते त्याच्या पुढच्या दावणीला. एक म्हातारे शेतकरी बैल घेऊन उभे होते. शिंगे साळलेली, पण बेगड नाही, रंग नाही. गिऱ्हाईक जवळ येताच किंमत सांगण्याआधी ते म्हणाले, ‘‘पावनं, बैल गुणाचा हाय. पर पाण्यात बसतुया. वढ्यातनं गाडी न्यायची आसंल तर ह्यो घिऊ नगा.’’ गिऱ्हाईक पुढे गेले नाही. उलट बैलाभोवती फिरून पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

आता मला तुमच्यापाशी कबूल केले पाहिजे. माझ्या गाडीलाही पाण्याचीच खोड होती. ऑक्टोबर २०२० च्या पावसात पंढरपुरात पाणी चढले तेव्हा ती एक रात्र पाण्यात उभी होती. इंजिनापर्यंत पाणी गेले नव्हते, पण पायाखालची चटई भिजली होती आणि बैठकीखालच्या पत्र्याला गंज धरला होता. कोणी विचारले तरच सांगायचे, असे मी घरून ठरवून निघालो होतो. तात्यांना हे माहीत नव्हते. ते त्या म्हाताऱ्याकडे पाहत एवढेच म्हणाले, ‘‘ह्याला पुढच्या रविवारी हितंच यायचंय.’’

विकण्याआधी गाडीची तयारी मी बेताची केली होती. आतून-बाहेरून धुतली, बंद पडलेला मागचा दिवा आणि भोंगा दुरुस्त केला, वायपरची रबरे बदलली, ऑईल बदलून पावती ठेवली. रंग दिला नाही. जुन्या गाडीवर ताजा रंग दिसला की गिऱ्हाईक अपघात शोधू लागते. इंजिन धुऊन चकचकीत करणाऱ्यावरही माझा विश्वास नाही. तेल कुठून गळते हे लपवण्याचाच तो प्रकार. आणि एक गोष्ट मुद्दाम केली. शेतकऱ्याच्या वस्तीवर पोचल्यावर गाडी तासभर सावलीत उभी केली आणि तोवर बाग पाहिली. इंजिन थंड झाल्यावर ते गिऱ्हाइकाने स्वतः चालू करावे. गरम इंजिन कसेही चालू होते.

बागेत मृग बहाराची तोडणी चालली होती. तेल्या आणि खोडकिड्याने या तालुक्याच्या बागांचे किती हाल केले ते मी नोकरीत जवळून पाहिले आहे. या गृहस्थांनीही निम्मी बाग काढून पुन्हा लावली होती. पैसा जपून वापरणारे घर. मुलीला रोज कॉलेजला सोडायला गाडी हवी होती.

गृहस्थ इंजिनाकडे वळले. वहिनींनी मागचे दार उघडले, वाकल्या आणि चटईचा कोपरा उचलला. मी घसा खाकरून म्हणालो, ‘‘वहिनी, दोन हजार वीस साली ही गाडी एक रात्र पाण्यात होती.’’ त्या वर न पाहता म्हणाल्या, ‘‘ते वासावरनं कळलंच भाऊजी. तुमी सांगताय का न्हाई तेवढंच बघत हुते.’’

सौदा एक लाख एक हजाराला ठरेल असे वाटत होते, पण पत्र्याच्या कामाचे म्हणून वहिनींनी सहा हजार तोडले. पंचाण्णव हजारांवर सुपारी फुटली.

यापुढचा भाग मात्र जरा कान देऊन वाचा. बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी वाचा, पावती जपा, असे तीस वर्षे गावोगाव सांगत मी हिंडलो. पण २००३ साली माझी मोटारसायकल विकली तेव्हा कोऱ्या फॉर्मवर सह्या करून मोकळा झालो. घेणाऱ्याने ती तिसऱ्याला दिली. नाव माझेच राहिले. सहा वर्षांनी परजिल्ह्यातल्या एका अपघाताचे समन्स माझ्या दारात आले. गाडी मी विकली हे सिद्ध करायला अडीच वर्षे खेटे घातले. पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले, की कागदावर ज्याचे नाव तो मालक. अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, मग गाडी कितीही हातांतून गेलेली असो.

म्हणून या वेळी फॉर्म २९ आणि ३० आम्ही समोरासमोर पूर्ण भरले, एकही रकाना कोरा ठेवला नाही. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलून घ्यायचे असते. ‘‘घेणारा बघेल’’ म्हणून विकणाऱ्याने स्वस्थ बसू नये. गाडी ताब्यात दिल्याची पावती केली, तिच्यावर तारखेबरोबर वेळही घातली. दुपारी चार वाजून दहा मिनिटे. त्या मिनिटानंतर गाडीचे जे होईल ते त्यांचे. ऑनलाईन दंड बाकी नाही हे मोबाईलवर दाखवले. बँकेचा बोजा मी पूर्वीच उतरवला होता. तुमच्या गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ यांशिवाय पुढे पाऊल टाकू नका. विमाही घेणाऱ्याने चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायला हवा. काचेवरचा फास्टॅग मी स्वतः खरवडून काढला आणि खाते बंद केले, नाहीतर टोल त्यांचा आणि पैसे माझे. रक्कम बँकेत जमा झाल्याचा संदेश आला, मगच दोन्ही किल्ल्या वहिनींच्या हातात दिल्या. गृहस्थांच्या नव्हे, भाव त्यांनी केला होता.

परतताना आम्ही एसटीने आलो. तात्या खिडकीशी बसून बाहेर टेम्पोतले बैल मोजत होते. तो पाण्यात बसणारा बैल गेला की नाही, ते काही आम्हाला दिसले नाही.

तेविसाव्या दिवशी नव्या नावाच्या नोंदीचा फोटो मोबाईलवर आला. खाली वहिनींचा निरोप होता : चटई काढून उन्हात वाळवली, वास कमी झाला, पण जॅक सापडत नाही. जॅक माझ्याच पडवीत पडला होता. तो पुढच्या रविवारी तात्यांबरोबर बाजाराला धाडला.