आंबा घाटात ट्रक हवा धरतो तेव्हा

एप्रिल-मे महिन्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला रात्रीचा प्रवास केलात, तर रस्ताभर तुम्हाला हापूसचा वास सोबत करतो. हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग लागला की पाली, नाणीज, दाभोळे अशी गावे मागे टाकत गाडी साखरप्याला येते. दुतर्फा जांभ्या दगडाचे गडगे, काजूची झाडे आणि मधूनच कौलारू घरांचे दिवे दिसतात. साखरपा हे घाटाच्या पायथ्याचे बाजारगाव. ट्रकवाले इथे चहा घेतात, टायरवर हात मारून बघतात आणि मग समोरच्या काळ्या डोंगराकडे एकवार नजर टाकून गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाटाला घालतात.

हाच आंबा घाट. खाली संगमेश्वर तालुका, तर माथ्यावरचे आंबा गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात. माथ्यावरून एक रस्ता विशाळगडाकडे फुटतो. १६६० साली बाजीप्रभूंनी ज्या खिंडीत देह ठेवला, ती पावनखिंड याच मुलखात. दिवसा जाल तर खोल दऱ्या आणि दाट रान पाहून डोळे निवतात. नशिबात असेल तर गव्यांचा कळपही दिसतो. पण रात्री भरल्या गाडीने जाणाऱ्याचे लक्ष दरीकडे नसते. त्याचे कान इंजिनाच्या आवाजाकडे लागलेले असतात.

का, ते तुम्हाला सांगायला नको. फळ चौदा आणे तयार झाले की उतरवायचे, गवतात बसवून पेटी भरायची आणि सकाळच्या सौद्याला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात पोचवायची. अंतर सुमारे १३० किलोमीटरच. परंतु ट्रक घाटात सकाळपर्यंत अडकला, की ताडपत्रीखाली उष्मा कोंडतो, सौदा चुकतो आणि हातात पडणारी पट्टी हलकी होते. मोहोर आल्यापासून केलेल्या फवारण्या, राखण, मजुरी हे सारे त्या एका रात्रीवर येऊन ठेपलेले असते.

घाटात ट्रक बंद पडण्याची कारणे पुष्कळ. त्यातले एक असे आहे, की ज्यात काहीही मोडलेले नसते. डिझेलच्या वाटेत हवा शिरलेली असते, एवढेच. चालक म्हणतात, “गाडीने हवा धरली.” आधी इंजिन भुकभुक करते, ओढ कमी होते आणि मग ते गप्प बसते. सेल्फ मारला तर फिरते, पण पेट घेत नाही. अशा वेळी मागच्या धुराच्या नळीकडे पाहावे. सेल्फ मारताना तिथून धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल इंजिनात पोचत नाही असे समजावे.

काही वर्षांपूर्वी मी एका बागायतदाराबरोबर त्यांच्या ट्रकमधून याच वाटेने चाललो होतो. माथा थोडा राहिला असताना वळणापलीकडे आंब्याचाच एक जुना ट्रक उभा दिसला. तरुण चालक सारखा सेल्फ मारत होता. आमच्या ट्रकचे चालक साठीचे, मलकापूरकडचे. त्यांनी गाडी सुरक्षित जागी लावली आणि खाली उतरून पहिले वाक्य म्हटले, “सेल्फ सोड आधी, लेका. बॅटरी बसली तर चढाला ढकलणार कोण?”

मग त्यांनी बॅटरीच्या उजेडात टाकीपासून इंजिनापर्यंत बोटाने नळी चाचपली. एका ठिकाणी क्लिपखाली रबरी पाइप चिरलेला सापडला. पेट्यांचा मालक म्हणाला, “पण दादा, पाइप तर कोरडा ठणठणीत आहे!”

“कोरडा हाय म्हणूनच तर!” म्हातारबाबा म्हणाले.

वाचकहो, या उत्तरात मोठे ज्ञान आहे. डिझेलची टाकी खाली, चेसिसच्या बाजूला असते. इंजिनाजवळचा छोटा फीडपंप तिच्यातून डिझेल ओढून घेतो, फिल्टरमधून पुढे ढकलतो, आणि मग ते मुख्य इंजेक्शन पंपाकडे जाते. फीडपंपाच्या पुढे गळती असेल तर डिझेल बाहेर ठिबकते आणि दिसते. पण टाकी ते फीडपंप या भागात ओढ असते. तिथे चीर पडली की डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. म्हणून कोरडी नळी निर्दोष समजू नये. आपण विहिरीवरच्या पंपाच्या सक्शन पाइपाला चीर गेली की पंप पाणी सोडतो, तसाच हा प्रकार.

चढावर आणखी एक गोष्ट घडते. टाकीत डिझेल थोडे असेल, तर ते चढामुळे एका टोकाला जाते, ओढनळीचे तोंड उघडे पडते आणि ती हवा गिळते. “कोल्हापुरात गेल्यावर भरू” हा हिशेब घाटात असा महाग पडतो. टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र चिखलाने बुजले तरीही डिझेलची ओढ तुटते. फिल्टर बदलल्यावर हवा नीट काढली नाही, तरी हाच त्रास.

थोड्याशा हवेने एवढे मोठे इंजिन का अडावे? डिझेल दाबले तरी फारसे दबत नाही. हवा मात्र दबते. जुन्या पद्धतीच्या इंजिनात नोझल उघडायला वातावरणाच्या सुमारे २०० पट दाब लागतो. नळीत हवा असली की पंपाचा सारा जोर ती हवा दाबण्यातच जातो. नोझल उघडत नाही आणि डिझेलचा फवारा उडत नाही.

आता हवा काढायची रीत. त्या म्हातारबाबांनी केली, तीच क्रमाने सांगतो. ही जुन्या, इंजेक्शन पंपाच्या गाड्यांची रीत आहे.

प्रथम गाडी रस्त्याच्या कडेला, हँडब्रेक लावून, गिअरमध्ये ठेवावी. चाकांना भक्कम दगड लावावेत आणि मागे चमकणारा त्रिकोण ठेवावा. विडी-काडी दूर. टाकीत डिझेल आहे ना, झाकणाचे छिद्र मोकळे आहे ना, हे पाहून मग चिरलेला पाइप किंवा ढिली क्लिप आधी दुरुस्त करावी. ते न करता हवा काढली, तर ती पुढच्या वळणावर पुन्हा शिरेल.

नंतर फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू एखादा आटा ढिला करावा. फीडपंपावरच्या छोट्या हातपंपाची मूठ फिरवून मोकळी करावी आणि वर-खाली मारावी. स्क्रूजवळ आधी फेस येईल, मग बुडबुडे आणि शेवटी स्वच्छ, अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. हात थांबवून आवळला तर हवा परत जाते. दोन फिल्टर असतील तर टाकीकडचा आधी, इंजिनाकडचा नंतर. त्याच रीतीने इंजेक्शन पंपावरचा स्क्रू. टाकीकडून इंजिनाकडे हा क्रम मोडू नये. शेवटी हातपंपाची मूठ पुन्हा बसवून घट्ट करावी. सांडणारे डिझेल डब्यात धरावे. वळणावर सांडले तर मागून येणारा मोटारसायकलवाला घसरतो.

मग सेल्फ मारावा, पण एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबून. तरीही इंजिन चालू झाले नाही, तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारतात आणि डिझेल आले की आवळतात. हे काम जाणत्यानेच करावे. तिथे बोट किंवा तोंड जवळ नेऊ नये. त्या दाबाने उडालेले डिझेल कातडीत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण हात गमावण्याची पाळी येऊ शकते. असे झाल्यास वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात जावे.

नव्या गाड्यांना, विशेषतः १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांना, ही शेवटची युक्ती बिलकूल लावू नये. त्यांच्या नळ्यांत वातावरणाच्या हजार पटींहून अधिक दाब असतो. तिथे फिल्टरजवळचा हातपंप असेल तर गाडीच्या पुस्तकात सांगितले आहे तेवढेच करावे; पुढचे काम कारखान्याच्या मिस्त्रीचे.

तुमच्या घरी ट्रक नसेल. पण जुना ट्रॅक्टर असेल, विहिरीवर डिझेल इंजिन असेल, तर त्यांनाही हाच नियम. इंजिनाची टाकी वर असेल तर डिझेल आपोआप उतरते. हातपंपही लागत नाही. फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा स्क्रू, एवढ्यावर बहुधा काम भागते. घरच्या बायकांनी आणि शाळकरी मुलांनीही उजेडात, निवांत वेळी हे एकदा पाहून ठेवावे. पिकाला पाणी द्यायचे असते तेव्हा घरचा कर्ता नेमका गावाला गेलेला असतो. बरोबर योग्य मापाचे पाने, तांब्याचे दोन-चार वायसर, हातभर डिझेलचा रबरी पाइप आणि दोन क्लिपा असल्या की पुरे.

त्या रात्री पाऊण तासात ट्रक चालू झाला. पहाटेचे तीन वाजले होते, सौद्याला वेळ होता. तरुण चालक घाईने वर चढू लागला, तशी म्हातारबाबांनी त्याला हाक मारून खाली उतरवले आणि चाकांना लावलेले दगड दाखवले. गाडी जागची हलल्यावर त्याने ते उचलून कडेला टाकले, मगच ते म्हणाले, “आता जा.” घाटात रात्री मध्येच पडलेला दगड मागून येणाऱ्याला दिसत नाही. तुम्ही कधी गाडीला दगड लावलात, तर एवढे विसरू नका.