पाऊणकी आणि चंद्र

बारावीला गणितात मी दोनदा आपटले आणि कला शाखेत आले. हे आता लपवण्यासारखे राहिलेले नाही. त्यामुळे मी सध्या चंद्रावर जाण्याचा बेत आखते आहे असे सांगितले, की मैत्रिणी आधी हसतात आणि मग माझ्या कपाळाला हात लावून पाहतात.

बेत खरा आहे, यान मात्र खोटे. ‘ऑर्बिटर’ नावाचा एक फुकट मिळणारा संगणकावरचा खेळ आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मार्टिन श्वायगर यांनी तो २००० साली प्रथम बाहेर आणला. खेळ म्हणायचे एवढेच. त्यात शत्रू नाही, गुण नाहीत. गुरुत्वाकर्षण तेवढे खऱ्यासारखे, आणि ते कुणाची गय करीत नाही. मामेभावाने टाकून दिलेल्या संगणकावर तो कसाबसा चालतो. यान कुठून निघणार ते एका साध्या फाइलीत लिहिलेले असते. तिथले फ्लोरिडाचे अंक खोडून मी अलिबागचे घातले: उत्तर अक्षांश १८.६४, पूर्व रेखांश ७२.८७. पडद्यावर अलिबाग म्हणजे निळ्याला लागून एक मातकट डाग. ना कुलाबा किल्ला, ना आमचा कोळीवाडा. तरी यान तिथे उभे राहिले तेव्हा ऊर भरून आला, खोटे कशाला बोलू?

पहिल्या खेपेला मी पृथ्वीभोवती फिरू लागले, चंद्र दिसताच नाक त्याच्याकडे वळवले आणि इंजिन पेटवले. वाट वाकून भलतीकडेच गेली. चार दिवसांनी (खेळात काळ हवा तेवढा पळवता येतो) मी काळोखात होते आणि चंद्र दुसरीकडेच कुठे तरी होता. गणिताचा पेपर हातात पडल्यावर पोटात जसा गोळा येतो, तसाच आला.

आमच्या आजोबांचे आयुष्य डोलीच्या मासेमारीत गेले. डोलीचे जाळे वाहत्या पाण्यात बांधून ठेवायचे. उधाणाच्या दिवसांत पाण्याला जोर, भांगाच्या दिवसांत जाळे नुसते लोळते. म्हणजे घरातली चूल चंद्राच्या तंत्राने पेटायची. आता त्यांची नजर गेली आहे. तरी रोज संध्याकाळी विचारतात, “बाय, आज तिथ कंची?” मी सांगते, चतुर्थी. लगेच उत्तर येते, “चार पाऊण तीन. तीनला भरती.” तिथीची पाऊणपट केली की आमच्या किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची वेळ निघते. वद्य पक्षात पुन्हा एकापासून मोजायचे. शाळेत चार यत्ता शिकलेल्या माणसाला पाऊणकी तोंडपाठ, आणि मला बारावीनंतरही बोटे मोडावी लागतात.

त्यांना मी माझी फजिती सांगितली. ते म्हणाले, “चांद जाग्यावर थांबतो का बाय? थांबला असता तर भरती रोज एकाच वेळंला नसती आली?”

मी उठून वही आणली. चंद्र रोज सुमारे १३ अंश पुढे सरकतो, म्हणून भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते. प्रवासाच्या चार दिवसांत तो ५२ अंश पुढे जाणार. तेव्हा नेम दिसणाऱ्या चंद्रावर धरायचा नाही, चार दिवसांनंतरच्या रिकाम्या जागेवर धरायचा. आणि त्या जागेच्या बरोबर विरुद्ध बाजूला, पृथ्वीआड असताना इंजिन पेटवायचे. चांद्रयान-३ ने १ ऑगस्ट २०२३ ला, पौर्णिमेच्या दिवशी, पृथ्वीची कक्षा सोडली आणि ५ ऑगस्टला ते चार दिवस झिजलेल्या चंद्रापाशी पोहोचले. २३ तारखेच्या संध्याकाळी ते उतरले तेव्हा वाड्यात फटाके वाजले. आजोबा नुसते ऐकत होते. “परत कवा येणार?” त्यांनी विचारले. उतरलेले यान परत येणार नाही म्हटल्यावर ते गप्प झाले.

खेळातले काल्पनिक विमान इंधनाच्या बाबतीत फार उदार आहे, म्हणून मी टाकी मुद्दाम कमी भरली. पृथ्वीभोवती फिरताना वेग सेकंदाला ७.८ किलोमीटर, त्यात ३.१ ची भर घातली की चंद्रापर्यंतची वाट मिळते. दुसऱ्या खेपेला पोहोचले, पण तिथे वेग कमी करायचा असतो हेच विसरले आणि चंद्राला वळसा घालून निघून गेले. तिसऱ्या खेपेला पहाटे तीनच्या सुमारास, चंद्रापासून शंभर किलोमीटर उंचीवर, माझी वाट चंद्राभोवती मिटून गोल झाली. मी ओरडणार होते, पण सगळे झोपलेले.

आजोबा जागे होते. त्यांच्या कानाशी जाऊन सांगितले, पोहोचले.

“बरं झालं,” ते म्हणाले. “आन् परतायला तेल किती हाय?”

मी आत येऊन पाहिले. काटा जवळजवळ शून्यावर होता. मग वहीचे नवे पान काढले आणि या वेळी हिशेब अलिबागला उतरण्यापासून उलटा मांडायला घेतला.